फाशी : किती चाळण्या?

मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके १८ सप्टेंबर १८५८ रोजी पकडले गेले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात फासावर चढवले गेले. अटक, खटला, शिक्षा, सारे पाच आठवड्यांच्या आत उरकले.

आज चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, तर आरोपी अपील करो वा न करो, प्रकरण नागपूर खंडपीठाकडे जातेच. उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०७) शिक्षा अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज.

एवढ्या चाळण्या, तरी खडा राहतो! नाशिकच्या २००३मधल्या दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच फाशी ठोठावली. त्यांतल्या तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती, तीही पुन्हा वाढवून. एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. आणि वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि राज्याला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.