हाड जुळतं, मग कूर्चा का नाही?

गेल्या वर्षी आईचं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं, तर हाड छान जुळलेलं. तिने लगेच विचारलं, "मग माझ्या गुडघ्यातली गादी का भरून येत नाही?" मी सांगून टाकलं, "तिला रक्तपुरवठा नसतो गं." आणि मग पीएच.डी.ची मुलाखत आठवली. तिथेही मी हेच उत्तर दिलं होतं. समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं होतं, "मग रक्त पोहोचवलं तर भरेल?" मी गप्प.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी हाड घेऊ. त्याच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग खनिज असतो, मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. उरलेल्यात पाणी आणि टाइप १ कोलॅजनचे तंतू. स्लॅबमधलं काँक्रीट आणि गज आठवा: खनिज दाब सोसतं, कोलॅजन ताण सोसतं. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून बघा. खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं.

पण हाड स्लॅबसारखं निर्जीव नाही. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नवं घडवतात, आणि आत अडकलेले ऑस्टिओसाइट बारीक नलिकांमधून एकमेकांशी जोडलेले असतात. फ्रॅक्चर झालं की रक्ताची गाठ होते, मग तिथे मऊ कॅलस तयार होतो, आणि पुढे त्याचं हाड होतं. गंमत म्हणजे त्या मऊ कॅलसमध्ये चक्क कूर्चा असते! म्हणजे मोठ्या वयातही शरीर कूर्चा बनवू शकतं. फक्त ती टिकवत नाही, तिचं हाड करून टाकतं.

आता गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली कास्थी. जाडी काही मिलिमीटर, त्यात ६५ ते ८० टक्के पाणी. टाइप २ कोलॅजनचं जाळं, आणि त्यात अडकलेला अ‍ॅग्रिकॅन. अ‍ॅग्रिकॅनवर भरपूर ऋण प्रभार असतो, म्हणून तो सोडियम आयन आणि पाणी ओढून घेतो. कूर्चा फुगायला बघते, जाळं तिला आवरतं. आपण पाय टाकतो तेव्हा भार मुख्यतः या कोंडलेल्या पाण्याचा दाब पेलतो. पेशी, म्हणजे कॉन्ड्रोसाइट, मात्र अगदी थोड्या, आपापल्या खोलीत बंद. अन्न सांध्यातल्या द्रवातून झिरपत येईल तेवढंच. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही.

आता सरांचा प्रश्न. मायक्रोफ्रॅक्चर नावाच्या शस्त्रक्रियेत कूर्चेखालच्या हाडाला बारीक भोकं पाडतात. रक्त येतं, मज्जेतल्या पेशी येतात, खड्डा भरतोही. पण बहुतेक वेळा भरते ती तंतुमय कूर्चा: टाइप १ कोलॅजन जास्त, अ‍ॅग्रिकॅन कमी. ती मूळ कूर्चेइतकी टिकत नाही. म्हणजे रक्त नसणं हे कारण खरं, पण पुरेसं नाही.

मग पेशीच बाहेरून दिल्या तर? १९९४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी रुग्णाच्याच कॉन्ड्रोसाइट वाढवून गुडघ्यात परत घातल्याचं प्रसिद्ध केलं. इथेही एक मेख आहे. सपाट प्लेटवर वाढवलेल्या कॉन्ड्रोसाइट हळूहळू टाइप २ सोडून टाइप १ कोलॅजन बनवू लागतात. त्यांना अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये ठेवलं, की पुन्हा मूळ स्वभावावर येतात. म्हणजे पेशीचा आकार आणि आजूबाजूची रचनाही तिला काय बनवायचं ते सांगते. टिश्यू इंजिनिअरिंगमधलं बरंचसं काम याच धाग्यावर चालतं.

तेव्हा मुलाखतीची तयारी करताना "अमुक नसतं म्हणून होत नाही" असं पाठ केलंत, की स्वतःलाच विचारा: मग ते दिलं तर होईल? तिथून पुढे संशोधनाचा प्रश्न सुरू होतो.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे अजून जमलेलं नाही, असं सरळ सांग की."