तू गेल्यावर कोण?

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सांगते, ‘आमच्या गावच्या अन्नछत्रासाठी मला धान्य गोळा करायचंय.’ आपल्याकडे कुणीही म्हणेल, गुणी पोर आहे. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट संघटनेतली मोठी माणसंही तिचं कौतुक करतात, पण गोल्ड अवॉर्डसाठी एवढं पुरत नाही. हे धान्य लागतं कुणाला? त्यांच्यावर ही वेळ का आली? आणि तू कॉलेजला निघून गेलीस की पुढच्या वर्षी हे कोण करणार? उत्तरं शोधून आण, मग बोलू.

गोल्ड अवॉर्ड हा या संघटनेचा सर्वोच्च सन्मान. तो नववी ते बारावीतल्या मुलींसाठी असतो. धाकट्या मुलींच्या ब्राँझ अवॉर्डसाठी साधारण 20 तासांचं काम अपेक्षित असतं, सिल्व्हरसाठी 50 आणि गोल्डसाठी 80. पण तास भरले म्हणून पदक मिळत नाही. नुसता निधी जमवून दुसऱ्या संस्थेच्या हाती दिला तर तो प्रकल्प धरलाच जात नाही. मुलीनं प्रश्न स्वतः निवडायचा, त्याच्या मुळाशी जायचं, माणसं जोडायची आणि आराखडा स्थानिक कौन्सिलपुढे मांडायचा. तिथून होकार आला की मगच कामाला हात घालायचा. शेवटी काय बदललं ते मोजून दाखवायचं.

समजा, तीच मुलगी परत अन्नछत्रात गेली. या वेळी खोकी उचलायला नाही, बोलायला. तिथल्या एका आजींकडून तिला कळलं की मिळालेल्या वाटाण्याच्या आणि घेवड्याच्या डब्यांचं करायचं काय, हेच अनेकांना उमगत नाही. डबे घरी नुसते पडून राहतात. आता तिच्या हाती खरा प्रश्न आला. मग ती त्याच जिन्नसांतून होणाऱ्या साध्या पाककृती जमवते, त्या दोन-तीन भाषांत लिहून घेते, चर्चच्या स्वयंपाकघरात शनिवारी शिकवणी सुरू करते. आधी किती जण डबे न वापरता ठेवत होते आणि तीन महिन्यांनी किती, याची नोंद ठेवते. धान्य गोळा करण्याहून हे काम कितीतरी चिवट आहे. इथं माणसांना विचारावं लागतं, आणि आपला पहिला अंदाज चुकला हे मान्य करावं लागतं.

मोठ्यांसाठीचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक मुलीला त्या विषयातला एक जाणकार सल्लागार घ्यावा लागतो, पण तो तिचा आई किंवा बाप असून चालत नाही. आपल्या घरांत पोरीचा शाळेचा प्रकल्प रात्री बारा वाजता आईच पुरा करते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांतही ती सवय सुटलेली नाही, आणि कॉलेजच्या अर्जाची काळजी त्यात भर घालते. म्हणून हा नियम हवाच. नगरपालिकेच्या कचेरीत फोन करताना मुलीचा आवाज कापला तरी फोन तिनंच करायचा.

संघटनेचा जन्मही एका बाईच्या धडपडीतून झाला. ज्युलिएट गॉर्डन लो या जॉर्जियातल्या सव्हाना शहरच्या. कानाच्या दुखण्यावर चुकीचा उपचार झाल्यानं एका कानाची श्रवणशक्ती बरीचशी गेली. 1886 साली त्यांच्या लग्नात वधूवरांवर उधळलेल्या तांदळाचा एक दाणा दुसऱ्या कानात गेला, आणि त्याच्या दुखापतीनं तोही कान गमावला. आपल्या अक्षतांसारखीच ती चाल. 1911 साली त्यांची स्काउट चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशी गाठ पडली. बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस तेव्हा ब्रिटनमधल्या गर्ल गाइड सांभाळत होत्या. त्याच वर्षी लो यांनी स्कॉटलंडच्या ग्लेन लायन खोऱ्यात गरीब घरच्या मोजक्या मुलींची तुकडी उभी केली. मुलींना सूत कातायला आणि कोंबड्या पाळायला शिकवलं, म्हणजे पोटासाठी लांबच्या शहरातल्या कारखान्यात जायची पाळी येऊ नये. चळवळीचं बीज मला या कोंबड्यांमध्ये दिसतं. आधी या मुलींना कशाची गरज आहे ते पाहिलं गेलं, बिल्ले नंतर आले.

12 मार्च 1912 रोजी सव्हानात 18 मुली जमल्या आणि अमेरिकेतलं काम सुरू झालं. पुढे पैसा कमी पडला तेव्हा लो यांनी आपला मोत्यांचा सर विकला.

गर्ल स्काउट म्हटलं की अमेरिकन माणसाला आधी बिस्किटं आठवतात. त्यांची सुरुवातही सेवेपासूनच. 1917 साली ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या एका तुकडीनं घरच्या भट्टीत कुकीज भाजल्या आणि शाळेच्या खानावळीत विकल्या, आपल्या सेवाकार्याला पैसे उभे राहावेत म्हणून. आपल्या शाळांतली स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ ज्यांनी केली आहे, शेजाऱ्यांची अंगणं झाडून रुपया-दोन रुपये आणले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सर्वोच्च पदकाचं नाव मात्र बदलत गेलं. 1916 पासून गोल्डन ईगल आणि मग गोल्डन ईगलेट, 1940 पासून कर्व्ह्ड बार, 1963 पासून फर्स्ट क्लास, आणि 1980 पासून गोल्ड अवॉर्ड. ते मिळवलेली मुलगी पुढे अमेरिकन सैन्यात भरती झाली तर तिला सुरुवातीलाच वरची पायरी मिळू शकते.

एक गोष्ट मला सलते. शाळा सुटल्यावर दुकानात काम करणारी किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी हे 80 तास कुठून काढणार? नेमक्या अशाच मुलींना वस्तीचे प्रश्न आतून ठाऊक असतात. तुकडीच्या लीडर बाईंनी तिला गाडीतून नेलं-आणलं, सभेची वेळ तिच्या सोयीनं ठेवली, तरच हा सन्मान तिच्यापर्यंत पोचेल.

या साऱ्याचा एक धागा पुण्यात आहे. आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ हे जगभरच्या गाइड आणि गर्ल स्काउटच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक. 16 ऑक्टोबर 1966 रोजी रॉबर्ट यांच्या पत्नी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी त्याचं उद्घाटन केलं. देशोदेशीच्या मुली तिथं राहतात आणि शहरातल्या संस्थांबरोबर काम करतात. भारतात गाइड त्याआधीच रुजल्या होत्या. पहिली तुकडी 1911 साली जबलपूरला निघाली, आणि 1951 साली गाइड संघटना भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये सामील झाली. बुलबुल, गाइड, रेंजर ही नावं आजही आपल्या शाळांत ऐकू येतात.

ती अन्नछत्राची मुलगी ऑगस्टमध्ये दूरच्या कॉलेजला जाईल. त्याआधीचे काही शनिवार ती चर्चच्या स्वयंपाकघरात मागच्या बाकावर बसलेली असेल. पुढे दोन धाकट्या मुली शिकवत असतील. त्यांच्या हातून कांदा करपेल, आजी हसतील, आणि ती जागेवरून उठणार नाही.