साळखात्यातील सातांचा गट : अहमदाबाद, १९५३

‘टीमवर्क’वरचे संशोधन म्हटले की अमेरिकी विद्यापीठे डोळ्यांसमोर येतात. पण या विषयातला एक पायाभूत प्रयोग अहमदाबादच्या कॅलिको मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले, तेव्हा स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते.

राइस यांनी मागांना नव्हे, कामाच्या वाटणीला दोष दिला. कोणी फक्त बॉबिन भरायचा, कोणी तुटलेले धागे सांधायचा, कोणी तेल द्यायचा, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगळे. त्यामुळे एका विणकराला दिवसभरात निरनिराळ्या मदतनिसांची वाट पाहावी लागे. धागा तुटला की माग बंद, आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

राइस यांनी सुचवले, की ठरावीक मागांचा संच एकाच गटाकडे सोपवावा. सात जणांकडे ६४ माग, अशी मांडणी ठरली. विशेष म्हणजे कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपापले गट स्वतःच जमवले. सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले, सदोष कापडाचे प्रमाण घटले. या प्रयोगावरचे राइस यांचे पुस्तक १९५८ मध्ये आले.

१९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी या मिलची पुन्हा पाहणी केली. पुढे साध्या मागांवरही आणलेली गटपद्धत तिथल्या एका खात्यात टिकून होती. स्वयंचलित मागांच्या खात्यात मात्र ती बरीचशी विस्कटली होती. यशाइतकीच ही पडझडही नोंदवली गेली, म्हणून हे संशोधन आजही विश्वासार्ह वाटते.