ओहायोतला गोळ्यांचा खटला

गावविहिरीत कोणी घाण सोडली, तर त्रास एकट्या कोणाला होत नाही, साऱ्या गावाला होतो. कायद्यात याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात. करणाऱ्यानेच तो दूर करावा, हा जुना न्याय. पण उपद्रव दुकानातून विकलेल्या मालाने झाला तर?

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या लेक आणि ट्रंबुल या जिल्ह्यांपुढे हाच पेच उभा राहिला. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी तिथे घरेच्या घरे बसली. आधी दुखण्यावर डॉक्टरने लिहिलेली गोळी, मग तिची चटक, मग व्यसन. एकट्या ट्रंबुलमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सुमारे ८ कोटी गोळ्या खपल्या, माणशी ४००, असे कोर्टात मांडले गेले. लहान बाळेही मोजा त्यात!

जिल्ह्यांनी सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट या कंपन्यांवर दावा लावला. त्यांच्या औषध दुकानांनी संशयास्पद चिठ्ठ्यांकडे काणाडोळा केला, हा आरोप. डॉक्टरांनी लिहिले ते आम्ही दिले, हे कंपन्यांचे उत्तर. २०२१ साली ज्यूरीने कंपन्यांना जबाबदार धरले. २०२२ साली न्यायाधीशांनी १५ वर्षांत ६५ कोटी डॉलर देण्याचा हुकूम केला.

तुम्ही म्हणाल, झाले, निकाल लागला. पण अपिलात जुना कायदा आडवा आला. २००५ साली ओहायोच्या विधिमंडळाने मालामुळे होणाऱ्या हानीचे दावे एकाच कायद्याखाली आणले होते. पुढे शहरे शिसेयुक्त रंगाच्या कारखानदारांवर उपद्रवाचे दावे लावू लागली, तेव्हा दुरुस्ती करून सार्वजनिक उपद्रवही त्यात बसवला. नव्या गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, तो २००७ साली मुदतीबाहेरचा ठरला.

दावा केंद्रीय न्यायालयात होता. या राज्य कायद्याचा अर्थ काय, असे त्याने ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारले. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर आले: मालाच्या विक्रीवरून उपद्रवाचा असा दावा चालणार नाही, नुसता निवारणाचा खर्च मागितला तरीही नाही. दोन न्यायाधीशांचे मत वेगळे पडले. भरपाई निराळी, उपद्रव दूर करणे निराळे, असे ते म्हणाले. आम्हांला ते पटते. दुकानदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. विळा विकणाऱ्याला प्रत्येक जखमेचा जाब विचारला, तर दुकान कोण मांडील? पण इथे विळा नव्हता, माणशी ४०० गोळ्या होत्या.

ज्याला स्वतःला मालाने इजा झाली, त्याला ओहायोत त्याच कायद्याखाली दाद मागता येते. जिल्ह्याला मात्र व्यसनमुक्तीच्या उपचारांचा आणि उघड्यावर पडलेल्या पोरांचा खर्च उपद्रवाच्या नावाने या दुकानांकडे मागण्याची वाट राहिली नाही.