खाकी, कचेरी आणि एक दाखला

पोलीस खात्यातून मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या माणसांविषयीचे माझे कुतूहल जुने आहे. मराठी वाचकापुढे हा विषय काढला, की सोलापूरच्या न्यायालयातील साध्या नोकरीतून फौजदार झालेले, १९७१ साली राजकारणात उतरलेले आणि २०१२ साली देशाचे गृहमंत्री झालेले सुशीलकुमार शिंदे त्याला प्रथम आठवावेत, हे स्वाभाविकच आहे. २००२ सालच्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ज्यांनी शिंद्यांचा ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी पराभव केला, ते भैरोसिंह शेखावत हेही राजस्थानातले पूर्वाश्रमीचे फौजदारच होते, ही मौज मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. परंतु या दोघांनीही आपली फौजदारकी कधी लपवली नाही, किंबहुना भाषणांत तिचे भांडवलच केले. माझे कुतूहल रायपुरात राहून ज्या गृहस्थांवर स्थिरावले, त्यांच्या खाकी वर्दीचा विसर त्यांच्या चाहत्यांनाही पडलेला आहे. ते म्हणजे छत्तीसगडचे पहिले मुख्यमंत्री अजित जोगी.

चरित्राचा पूर्वार्ध सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म १९४६ सालचा, पेंड्र्याच्या परिसरातला. माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढले तो हाच मुलूख. भोपाळला अभियांत्रिकीचे सुवर्णपदक, रायपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अल्पकाळ अध्यापकी, मग भारतीय पोलीस सेवेत निवड आणि दोनएक वर्षांतच, १९७० साली, प्रशासकीय सेवेत प्रवेश. त्यानंतर सिधी, शहडोल, रायपूर, इंदूर अशी जिल्हाधिकारपदे. रायपूरला असताना विमान घेऊन येणाऱ्या वैमानिक राजीव गांधींच्या चहापाण्याची व्यवस्था हे कलेक्टर जातीने पाहत, आणि पुढील भाग्योदयाचे बीज त्या विमानतळावरच पडले, असे येथील जुनी मंडळी आजही सांगतात. १९८६ साली इंदूरची कलेक्टरकी सोडून ते थेट राज्यसभेत गेले.

पोलीस सेवेची ती दोनएक वर्षे चरित्रकारांनी एका ओळीत उरकली आहेत, आणि वरकरणी ते योग्यही दिसते. परंतु २००० सालच्या ३१ ऑक्टोबरची मध्यरात्र उलटून १ नोव्हेंबर लागला, तेव्हा नव्या राज्याचा शपथविधी जिथे झाला ते स्थळ होते रायपूरचे पोलीस परेड मैदान. शपथ देणारे राज्यपाल दिनेशनंदन सहाय हे होते बिहारचे माजी पोलीस महासंचालक. आणि शपथ घेणारे मुख्यमंत्री होते पोलीस सेवेतूनच आपल्या सरकारी आयुष्याला आरंभ केलेले जोगी. ज्या मैदानावर एरवी शिपायांच्या कवायती व्हायच्या, तिथे एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने दुसऱ्या माजी पोलीस अधिकाऱ्याच्या हाती राज्याचा कारभार सोपवला. हा योगायोग असेल. परंतु पुढच्या तीन वर्षांच्या कारभाराकडे पाहता तो मला अर्थशून्य वाटत नाही.

त्या कारभाराला प्रारंभी घर नव्हते. मंत्रालय थाटले गेले ते दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत. विधानसभेचे पहिले अधिवेशन भरले राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये. अशा उसन्या जागेतून जोगींनी राज्य हाकले ते मात्र मुरलेल्या जिल्हाधिकाऱ्याच्या पकडीने. अधिकाऱ्यांना मंत्र्यांपेक्षा मुख्यमंत्र्यांचा धाक अधिक. विरोधी पक्षाचे बारा आमदार फुटून काँग्रेसमध्ये दाखल. आणि रायपुरातील एका मोर्चावरील लाठीमारात विरोधी पक्षनेते नंदकुमार साय यांचा पाय मोडलेला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडच्या परगण्यांत वसुली, न्याय आणि बंदोबस्त हे तिन्ही अधिकार कमाविसदाराच्या हाती एकवटलेले असत. लोकनियुक्त मुख्यमंत्र्याला तो नमुना शोभणारा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण या सर्वांहून मला खिळवून ठेवले ते एका जातीच्या दाखल्याने. तहसील कचेरीतून मिळणारा तो कागद, त्यावर नायब तहसीलदाराची सही आणि गोल शिक्का. ज्या कलेक्टरच्या जिल्ह्यात असे दाखले वाटले जात, त्याच कलेक्टरच्या स्वतःच्या दाखल्यावर पुढे जवळजवळ दोन दशके खल चालला. २००१ साली त्यांनी पोटनिवडणूक लढवली ती मरवाहीतून. भाजपचे आमदार रामदयाल उइके यांनी त्यांच्यासाठी राजीनामा देऊन रिकामी केलेली ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती, आणि जोगी स्वतःस कंवर जमातीचे म्हणवीत. संतकुमार नेताम यांनी या दाव्याविरुद्ध राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती आयोगाकडे तक्रार केली; आयोगाने जोगींविरुद्ध निष्कर्ष काढला; उच्च न्यायालयाने २००६ साली, आयोगास जात ठरवण्याचा अधिकारच नाही म्हणून तो रद्द केला; सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली उच्चाधिकार समितीकडून छाननी करण्यास फर्मावले. या समितीची कार्यपद्धती ज्या निवाड्यातून आली तो १९९४ चा माधुरी पाटील खटला महाराष्ट्रातलाच, हे येथे नमूद केले पाहिजे. २०१७ साली समितीने दाखला अमान्य केला. २०१८ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने, समितीची अधिसूचना राजपत्रात रीतसर प्रसिद्ध झाली नव्हती एवढ्या कारणावरून, तो निर्णय फेटाळला. दुसऱ्या समितीने २०१९ साली पुन्हा प्रतिकूल निर्णय दिला, आणि गुन्हाही नोंदला गेला.

जोगींच्या बाजूने किंवा विरुद्ध मी कौल देत नाही. मला खटकते ते हे, की त्यांचे कूळ काय हा मूळ प्रश्न अठरा वर्षे बाजूला राहिला, आणि न्यायालयात हार-जीत झाली ती अधिकारक्षेत्र आणि राजपत्र यांवर. दरम्यान गृहस्थ महासमुंदच्या प्रचारात २००४ साली अपघातात जायबंदी झाले, तरी विद्याचरण शुक्लांसारख्या मातब्बरास हरवून लोकसभेत गेले, उरलेली सोळा वर्षे चाकाच्या खुर्चीतून राजकारण करीत राहिले, २०१६ साली स्वतःचा पक्ष काढला आणि २९ मे २०२० रोजी रायपुरात निवर्तले. तरीही त्या दाखल्याचे प्रकरण मिटले नाही. त्याच वर्षी मरवाहीच्या पोटनिवडणुकीत पुत्र अमित आणि स्नुषा ऋचा या दोघांचेही उमेदवारी अर्ज जातीच्या दाखल्यावरूनच बाद झाले. जागा जिंकली ती काँग्रेसच्या के. के. ध्रुव यांनी, आणि तेही सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी सोडून नुकतेच आलेले.

कलेक्टरच्या खुर्चीतून राजकारणात येण्याची ही वाट जोगींनंतरही वापरात आहे. रायपूरचे कलेक्टर असताना २०१८ साली राजीनामा दिलेले ओ. पी. चौधरी त्या वर्षी खरसियात हरले, पण २०२३ साली रायगडमधून जिंकून अर्थमंत्री झाले. सनदी माणसाने राजकारणात येऊच नये, असे म्हणणारा मी नव्हे. त्याच्या कार्यक्षमतेचा लाभ लोकांना मिळाला तर उत्तमच. परंतु जिल्ह्याचे दप्तर, पोलीस आणि मतदारयादी काल ज्याच्या हुकुमतीत होती, त्याने आज पक्षाचे उपरणे गळ्यात घालून येणे अनुचित होय, आणि राजीनामा व उमेदवारी यांच्यात काही वर्षांची सक्तीची विश्रांती कायद्याने घातली पाहिजे. जोगींच्या बाबतीत ती मध्यंतरी असती, तर कलेक्टर आणि पुढारी या दोन भूमिका त्यांच्या स्वतःच्या मनात तरी इतक्या सरमिसळ झाल्या नसत्या, असे त्यांची सारी कारकीर्द वाचल्यावर माझे मत झाले आहे.