ऑड्रा मॅकडोनाल्ड: चार खाने, सहा टोनी

टोनी म्हणजे ब्रॉडवेचा सगळ्यात मोठा पुरस्कार. अभिनयाचे त्यात चार खाने: नाटक आणि संगीत नाटक, दोन्हीकडे मुख्य आणि सहाय्यक. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत टू बाय टू मॅट्रिक्स. ते पूर्ण भरणारी एकच, ऑड्रा मॅकडोनाल्ड.

ज्युलियार्डमध्ये शास्त्रीय गाणं शिकली आणि वर्षभरात, १९९४ला, पहिला टोनी. नाटक 'कॅरोसेल', भूमिका सहसा गोऱ्या नटीला मिळणारी. सत्ताविसाव्या वर्षी तीन टोनी खिशात! पण संगीत नाटकातल्या मुख्य भूमिकेच्या खान्यासाठी २०१२ उजाडावं लागलं, 'पोर्गी अँड बेस'साठी.

सहावा २०१४चा. बिली हॉलिडे साकारताना तिने स्वतःचा ऑपेराचा सूर बाजूला ठेवला आणि बिलीच्या खरखरीत आवाजात गायली. गंमत बघा, एवढी गाणी असूनही तो पुरस्कार नाटकाच्या खान्यातला.