चुकीची उत्तरं बनवणारे

स्पर्धा परीक्षांच्या सराव प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला प्रश्न पटकन सुचतात. घाम फुटतो तो चुकीचे तीन पर्याय लिहिताना. आकडे उगाच ठोकून दिले, तर पोरं ते बघताक्षणी काटतात. म्हणून आमचा दंडक असा, की चुकीचं उत्तरसुद्धा कुणीतरी मन लावून गणित केल्यावरच यायला हवं.

पुण्यातल्या एका क्लाससाठी काढलेला हा प्रश्न बघा: १/७ दशांशात लिहिल्यास दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या १०० अंकांची बेरीज किती? १/७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७… आवर्तन सहा अंकांचं, बेरीज २७. शंभराला सहाने भागलं की भाग १६, बाकी ४. सोळा आवर्तनांचे ४३२, उरलेल्या १, ४, २, ८ चे १५. उत्तर ४४७.

आता चकवे. बाकी विसरणाऱ्यासाठी ४३२. सतरावं आवर्तन पूर्ण धरणाऱ्यासाठी ४५९. आणि आवर्तनाची सरासरी साडेचार काढून थेट शंभराने गुणणाऱ्यासाठी ४५०.

‘दशांश चिन्हानंतरच्या’ हे शब्द एका सहकाऱ्याने पेपर छपाईला जाता जाता घुसवले. ते नसते, तर कुणी सुरुवातीचं शून्यही अंक म्हणून मोजलं असतं. मग उत्तर येतं ४३९, जे पर्यायांत नाहीच! उत्तरतालिकेवर हरकती आल्या असत्या आणि त्या रास्तही ठरल्या असत्या.

४५० वर आमच्यात वाद झाला होता. इतक्या आडवाटेने कोण जाणार, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं. पेपर झाल्यावर एक मुलगी तोच पर्याय घेऊन भांडायला आली. ‘‘सर, १४२ आणि ८५७ मिळून ९९९ होतात. एक आणि आठ नऊ, चार आणि पाच नऊ, दोन आणि सात नऊ. मग सरासरी साडेचारच की!’’ निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. छेद अविभाज्य आणि आवर्तनातल्या अंकांची संख्या सम असेल, तर दोन अर्ध्यांची बेरीज नऊ-नऊच येते. मिदी या फ्रेंच गणितज्ञाचं हे प्रमेय १८३६ सालचं. मात्र सरासरी लागू पडते पूर्ण आवर्तनाला. शंभरावर आवर्तन अर्धवट तुटतं. तिला म्हटलं, १०२ अंक घे, त्यांचे ४५९. शेवटचे ५ आणि ७ वजा कर. तिने तिथेच ४४७ लिहिलं. तिला गुण मिळाला नाही, पण ४५० हा पर्याय आमच्या प्रश्नसंचात कायम राहिला.

आता तुमची पाळी. १/१३ म्हणजे ०.०७६९२३०७६९२३… दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या ५० अंकांची बेरीज काढा. २१६ आली तर बाकी विसरलात, २२५ आली तर सरासरीच्या नादी लागलात, २२९ आली तर चिन्हानंतरचं शून्य गाळलंत. बरोबर उत्तर २२३.